खोकं टाकण्याचा मान

बारा अंडी निवडायला आत्याला पाऊण तास लागला. एरवी वीस मिनिटांत उरकणारं काम, पण आज खोकं ठकीचं होतं. खुराड्यापाशी स्टुलावर बसून ती एकेक अंडं उन्हात धरून बघे, बोटांत फिरवी, मग दुसऱ्या अंड्यावर हलकेच टकटक करून कान लावी. आवाज खणखणीत आला तर टोपलीत, जरा बसका वाटला तर बाजूला. एकतीस वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून ती एक ट्रंक आणि दोन कोंबड्या घेऊन माहेरी परत आली, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात तात्यांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला हे काम दिलं होतं. "चाचणीची अंडी तू बघायची," एवढंच ते म्हणाले होते. तात्या गेले, पण काम तिच्याकडेच राहिलं. घरच्या कामाला जाणारं अंडं उत्तमातलं उत्तम हवं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. स्वयंपाकघरात फोडलेल्या अंड्यांची टरफलं ती वाळवून, कुटून पुन्हा कोंबड्यांनाच घालायची. त्या टरफलांवर पोसलेल्या कोंबड्या अशी अंडी देत की वहिनी ती कालथ्याच्या दांड्याने फोडायची.

टोपली सांभाळत ती रद्दीच्या लगद्यापासून अंड्यांचे ट्रे करणाऱ्या घरच्या कारखान्यात शिरली तेव्हा सगळे जमलेच होते. रविवार असल्यामुळे यंत्र बंद होतं. दादा, तिचा थोरला भाऊ आणि कारखान्याचा मालक, लोखंडी जिन्याखाली खुर्ची टाकून बसला होता आणि बिस्किटाच्या पुड्याचा कागद दोन बोटांत चोळत होता. कुठलाही कागद हाती आला की त्याचा लगदा कसा होईल ते सांगायचं, ही त्याची खोड. लोकांच्या लग्नपत्रिका तो वाचायच्या आधी चोळायचा. वहिनी लगद्याच्या हौदाकडे पाठ करून, नाकाला रुमाल लावून उभी होती. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी भिजलेल्या रद्दीचा वास तिने मान्य केला नव्हता. धाकटा भाऊ, ज्याला सगळं घर भाऊच म्हणायचं, बायको माहेरी गेल्यामुळे आज एकटाच, आपल्या स्कूटरवर आडवा बसून पाय हलवत होता. पोल्ट्रीतून अंडी उचलून घरच्याच ट्रेमधून दुकानोदुकानी पोचवायची हे त्याचं काम, आणि ट्रेमध्ये अंडं फुटलं की बोलणी खायची हेही त्याचंच काम.

आणि ठकी. दादाची एकुलती एक. वस्तू कशा घडवायच्या याचं रीतसर शिक्षण घेऊन आलेली, जिन्याच्या पायथ्याशी मांडीवर खोकं घेऊन बसली होती. खोकं करड्या रंगाचं, बारा अंड्यांचं, तिने स्वतःच्या हाताने लगद्यातून उचललेलं. दारोदार स्कूटरवरून जाणाऱ्या अंड्यांसाठी.

"आण, आत्या," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसे, आणि घाबरल्यावरही.

आत्याने एकेक अंडं दिलं आणि ठकीने एकेक बसवलं, निमुळतं टोक खाली. दादाच्या जुन्या ट्रेमध्ये अंडं खळग्याच्या तळाशी बसायचं. इथे ते तळाला पोचतच नव्हतं. खळग्याला मध्यावर एक गळा होता, त्या गळ्यात अंडं कमरेशी अडकून राही आणि खाली बोटभर जागा मोकळी. धक्का आला की तो गळ्याने सोसायचा, अंड्याने नाही, अशी ठकीची कल्पना. तिने महिनाभर हेच घरातल्या प्रत्येकाला, आणि आत्याला किमान चाळीस वेळा, समजावून सांगितलं होतं. चाचण्या तरी किती! त्या महिन्यात आत्याच्या नऊ कोंबड्यांचं एकही अंडं स्वयंपाकघरात पोचलं नव्हतं आणि घरात पहिल्यांदाच दुकानाची अंडी येत होती. हा अपमान आत्याने गिळला होता, पण त्या अंड्यांना हात मात्र लावला नव्हता.

"ठरलंय ते पुन्हा सांगतो," दादा म्हणाला. "बाराच्या बारा शाबूत राहिली तर माझा ट्रे बंद, हिचा साचा सुरू. कारखाना हिच्या म्हणण्याप्रमाणे चालेल. एक जरी गेलं तरी हिने हा नाद सोडायचा आणि आपल्या वाटेने जायचं. कबूल?"

"कबूल," ठकी म्हणाली.

आपल्या वाटेने म्हणजे दूर, हे आत्याला कळत होतं. शिकायला गेलेली चार वर्षं पोरगी घरात नव्हती तेव्हा जेवणाच्या टेबलावर सगळे फक्त मीठ मागण्यापुरतं बोलत.

आता राहिला प्रश्न टाकायचं कोणी याचा. वर तुळईवर तात्यांनी लाल रंगात स्वतः लिहिलेल्या दोन ओळी होत्या: *करणाऱ्याने टाकू नये. ज्याचा राग मोठा त्याने टाकावे.* त्यामागे इतिहास होता. तात्यांनी आपलं पहिलं खोकं स्वतःच टाकून पाहिलं होतं, एकही अंडं फुटलं नव्हतं, आणि पहिल्याच गाडीत सगळा माल ऑम्लेट होऊन पोचला होता. आपण नकळत हळू टाकलं, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. हमाल काही आपला जावई नाही, ते म्हणाले, आणि तेव्हापासून नियम झाला: खोकं ज्याचं, त्याच्यावर त्या दिवशी घरात ज्याचा सगळ्यात जास्त राग असेल त्याने पाचव्या पायरीवरून टाकायचं. पाचवी पायरी म्हणजे ट्रकच्या फाळक्याइतकी उंची. या नियमामुळे या घरात कुणाचाही राग फार दिवस मनात राहत नसे. चाचणी आली की तो बाहेर काढावा लागे, पुराव्यासकट.

"बोला," दादा म्हणाला. "ठकीवर कोणाचा राग मोठा?"

"माझा!" भाऊने स्कूटरवरून उडी मारली. "मला आधी बोलू द्या. या पोरीने माझ्या स्कूटरला मागे घंटा बांधली. किती धक्के बसतात ते मोजायला म्हणे. धक्का बसला की टण्‌! आपल्या रस्त्यांवर! मी त्या गल्लीत शिरलो तर सतरा पोरं मागे धावली. त्यांना वाटलं आइस्क्रीमवाला आला. एकाने तर मला थांबवून व्हॅनिला आहे का विचारलं."

"मग काय सांगितलंस?" दादाने विचारलं.

"संपलं म्हणून सांगितलं. काय करणार?"

"म्हणजे तू मजा केलीस, काका," ठकी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तू स्वतःच घंटा घट्ट करून घेतलीस."

"हा राग नव्हे," दादाने निकाल दिला. "ही हौस झाली. पुढचा."

"माझा आहे की," दादा स्वतःच पुढे म्हणाला. "पोल्ट्रीवाला समोर बसलेला. माझं पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक. आणि ही बाईसाहेब येते, माझा ट्रे करवतीने उभा कापते आणि त्याला दाखवते, बघा, इथे अंडं तळाला टेकतं, इथेच फुटतं. माझ्यासमोर! माझा ट्रे!"

"पण टेकतं ना, बाबा."

"टेकू दे की! एकतीस वर्षांत घरच्या चाचणीत माझ्या ट्रेमधलं एक अंडं फुटलंय? कोपऱ्यातलं एखादं गेलं असेल, मागे एकदा... नाही, ते मांजराने पाडलं होतं. रस्त्यात फुटतात ती याच्या चालवण्याने." त्याने भाऊकडे बोट दाखवलं.

"झालं," भाऊ म्हणाला. "आलं माझ्यावर. मी शेळीसारखी चालवतो, देवाशपथ."

दादा आता खरंच रागावला होता, आणि आत्याला वाटलं मान त्यालाच मिळणार. तेवढ्यात त्याचं तिच्याकडे लक्ष गेलं. रीत म्हणून विचारायला हवं होतं. "ताई, तुझं काय?" थोरला असूनही तो तिला ताईच म्हणायचा, धाकट्याचं ऐकून लागलेली सवय.

"माझा कुठला राग? माझा कुणावर राग नाही."

हे तिचं ठरलेलं उत्तर होतं आणि पुढचं ऐकायला कुणी थांबतही नसे. परत आलेल्या बहिणीला राग परवडत नाही, हे तिने आल्याच वर्षी मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणी तिला तसं म्हटलं नव्हतं. पण बाकीचे सगळे या घरात राहत होते आणि आपल्याला ठेवून घेतलंय, हा फरक तिने कधी मनातून जाऊ दिला नाही. आजवर तिने एकही खोकं टाकलं नव्हतं.

"थांबा," वहिनी म्हणाली. रुमाल नाकावरून खाली आला. "माझं ऐका. हिने साच्याला जाळी हवी म्हणून माझी पिठाची चाळणी कापली. माझ्या आईने दिलेली."

"नवी आणून दिली ना, आई."

"नव्या चाळणीतून पीठ पडतं, आठवण पडत नाही. पण ते जाऊ दे. चाळणीचा राग मी केव्हाच गिळला." वहिनीने खिशातून एक घडी घातलेलं पत्र काढलं आणि दादाच्या मांडीवर टाकलं. "हे बघा. नोकरीचं आहे. मोठ्या गावातल्या मोठ्या कंपनीचं. स्वतंत्र खोली, खिडकी, वरून पगार. आठ दिवस झाले येऊन. उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय. आणि ही कार्टी ते उशीखाली घालून इथे अंडी मोजत बसलीय! मी या वासात जन्म काढला, अहो. माझ्या पोरीने का काढायचा?"

दादाने पत्र उचललं, सवयीने चोळलं आणि न वाचता परत ठेवलं.

आत्या टोपली धरून उभी होती. रिकामीच, पण तिला ती जड झाली. आठ दिवस. त्या आठ दिवसांत ठकी रोज संध्याकाळी खुराड्यापाशी तिच्या शेजारी येऊन बसली होती, मांजराच्या बाळंतपणापासून मुकादमाच्या दातापर्यंत सगळं बोलली होती, आणि हे नाही. तिने ठकीकडे पाहिलं. ठकीने मान खाली घातली.

"राग वहिनीचा," भाऊ हळूच म्हणाला, आणि यावर दुमत झालं नाही.

वहिनी चपला काढून पाच पायऱ्या चढली. ठकीने झाकण लावून खोकं तिच्या हातात दिलं. वहिनीने ते डोक्याच्या वर उचललं आणि अठ्ठावीस वर्षांचा वास, चाळणी आणि खिडकीवाली खोली सगळं मिळून असं हाणलं की खोकं फरशीवर एका कोपऱ्यावर आपटलं, उसळलं, दोन कोलांट्या घेऊन स्कूटरच्या चाकाला जाऊन भिडलं.

ठकीने गुडघ्यावर बसून झाकण उघडलं. एक अंडं काढलं, फिरवलं, ठेवलं. दुसरं. तिसरं. बाराव्याला ती नुसती वर बघून हसली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"बारा," भाऊ ओरडला. "बाराच्या बारा!"

दादा उठला, प्रत्येक अंडं स्वतः पाहिलं आणि खुर्चीत परत बसला. "शब्द म्हणजे शब्द," तो म्हणाला. त्याचा चेहरा हरलेल्या माणसाचा होता, पण खांदे खाली आल्यासारखे दिसत होते. आत्याला वाटलं, ठकी राहणार म्हणून मनातून हाही सुटलाय. तिला स्वतःला तर नाचावंसं वाटत होतं. वहिनी जिन्यावरच उभी होती. ती खोक्याकडे बघत नव्हती, लेकीच्या तोंडाकडे बघत होती.

"चला, ऑम्लेट करते," वहिनी शेवटी म्हणाली. "हरले तर हरले, उपाशी कशाला राहायचं?"

आत्या तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. इतका आनंद झाला होता की नुसतं बसवेना. वहिनी कांदा चिरायला लागली. ओट्यावर दुकानाच्या अंड्यांचं भांडं होतं. आजच्या दिवसापुरता आत्याने अबोला सोडला, त्यातलं एक उचललं आणि आपल्या नेहमीच्या हाताने वाटीच्या कडेवर मारलं.

अंडं फुटलं नाही, नाहीसंच झालं. मूठभर चिखल आणि त्यात टरफलाचा चुरा.

"अय्या," म्हणत तिने दुसरं घेतलं. या वेळी जरा हळू. तेही बोटांतून ओघळलं.

"वन्सं, काय करताय!" वहिनी म्हणाली. "दुकानाची आहेत ती, तुमच्या कोंबड्यांची नव्हेत. नुसती टेकवायची कडेला. पुचाट असतात सगळी, मी महिनाभर..."

ती तिथेच थांबली. सुरी कांद्यात अर्धी गेलेली.

आत्या आपल्या हाताकडे बघत होती. बलक मनगटावरून कोपराकडे निघाला होता. बाजारात जातं ते अंडं हे. भाऊच्या स्कूटरवर असतं ते, लोकांच्या दारात जाईल ते हे. आणि आपण एकतीस वर्षं टकटक करून, कान लावून, खणखणीत तेवढीच वेचून चाचणीला दिली. टरफलं कुटून घालून त्यांना दगड केलं, आणि वर त्याचा अभिमान बाळगला. दादाच्या ट्रेची परीक्षा कधी झालीच नव्हती. ठकीच्या खोक्याचीही आज झाली नाही.

वहिनीला सगळं कळलं होतं, आणि आत्ता कारखान्यात जाऊन एक वाक्य बोलली असती तर तिची लेक उद्या गाडीत बसली असती. तिने सुरी खाली ठेवली, नळ सोडला आणि आत्याचा हात धरून धुवायला लागली, लहान मुलाचा धुवावा तसा.

"मी काही पाहिलं नाही," ती पुटपुटली. "तुम्हीही पाहिलं नाहीत. तिचं तोंड पाहिलंत ना तुम्ही? लग्नात माझं तसं झालं नव्हतं."

आत्याला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. इतक्या वर्षांत वहिनीने तिला इतकं जवळचं काही सांगितलं नव्हतं. गप्प बसणं किती सोपं होतं! गप्प बसण्यात तर तिचा हातखंडा. ठकी राहील, संध्याकाळी खुराड्यापाशी येईल, चाचणीच्या अंड्यांचा मानही आपल्याकडेच राहील. आणि मग एक दिवस कुणाच्या तरी दारात ठकीचं खोकं उघडेल, आतून बलक गळेल, आणि भाऊच्या चालवण्याला नावं ठेवतात तशी पोरीच्या डोक्याला नावं ठेवतील. तिला बिचारीला कळणारही नाही का ते.

"वहिनी," ती म्हणाली, "त्यातली दोन अंडी द्या मला."

"नका हो जाऊ."

"द्या."

ती अंगणातून पुन्हा कारखान्यात गेली. दादा आणि ठकी खोक्यावर वाकून गळ्याची जाडी मोजत होते आणि चक्क भांडत नव्हते. हे बघून तिला मागे वळावंसं वाटलं, पण तोंड उघडलं.

"दादा, ही चाचणी खरी नाही. माझी अंडी जास्तच कडक आहेत."

"म्हणजे?"

"हे दुकानाचं धर. हे खोक्यातलं माझं. आपट एकमेकांवर."

दादाने आपटलं. दुकानाचं अंडं त्याच्या लेंग्यावर सांडलं. त्याने दुसरं आपटलं, तेही सांडलं. आत्याच्या अंड्यावर ओरखडासुद्धा नव्हता. दादा ते हातात धरून बसून राहिला. मग त्याने सावकाश मान वर करून भिंतीशी रचलेल्या आपल्या ट्रेच्या थप्प्यांकडे पाहिलं, आणि ठकीने करवतीने कापलेला ट्रे तिथेच वर होता.

"मी निवडून द्यायची," आत्या म्हणाली. "घरच्या कामाला वाईट कसं द्यायचं म्हणून. माझं चुकलं. एकतीस वर्षं चुकलं."

"एक मिनिट, एक मिनिट," भाऊ मध्ये आला. तो बोटांवर काहीतरी जुळवत होता. "म्हणजे घरी फुटत नव्हती ती ताईच्या कोंबड्यांमुळे. आणि रस्त्यात फुटत होती ती... ट्रेमुळे? माझ्या चालवण्यामुळे नाही? दादा, तू मला पोल्ट्रीवाल्यासमोर गाढव म्हणालास! दोनदा! माझ्या बायकोला माहेरून विचारणा झाली होती, जावयाला गाडी येते ना म्हणून!"

"बस खाली."

"आता कसला बसतो! तात्यांचा नियम आहे. तुझा ट्रे टाकायचाय, आणि राग माझा मोठा आहे!"

स्कूटर सुरू करून तो दुकानाकडे सुटला आणि दोन ट्रे भरून अंडी घेऊन आला. तीन आधीच फुटली होती. "बघा," तो म्हणाला, "आणि आज मी पायी चालल्यासारखी आणलीयत." ती तीन त्याने बदलली, तीस अंड्यांचा ट्रे दुसऱ्या ट्रेने झाकून दोरीने बांधला, पाचवी पायरी गाठली आणि तोंडाने "गाढव!" असं ओरडत सोडून दिला.

एकोणीस फुटली. दादाने स्वतः मोजली, दोनदा. मग त्याला हसू आलं. आधी नाकातून, मग पोट धरून, आणि भाऊ पायरीवर बसून हसायला लागला, आणि दारात कालथा घेऊन उभी असलेली वहिनीसुद्धा. दादा उठून भाऊजवळ गेला आणि त्याच्या पाठीवर बुक्की मारली. माफी मागायची त्याची रीत तेवढीच होती.

ठकी मात्र हसत नव्हती. तिने मुकाट्याने खोक्यातली आत्याची अंडी काढली आणि दुकानाची बारा बसवली. निवडून नव्हे, हाताला येतील तशी.

"पुन्हा टाकायचं," ती म्हणाली. "नियमाने."

"राग कोणाचा?" दादाने विचारलं आणि सगळ्यांकडे पाहिलं. वहिनीने मान हलवली, तिचा संपला होता. भाऊला तर नुकताच मोक्ष मिळाला होता. दादाच्या लेंग्यावर बलक वाळत होता आणि त्याला रागवायला तोंड नव्हतं. "कोणाचाच नाही? मग टाकायचं कोणी?"

"माझा आहे," आत्या म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. भाऊला वाटलं ती थट्टा करतेय.

"आठ दिवस तू माझ्या शेजारी बसलीस," ती ठकीला म्हणाली, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "मांजराचं सांगितलंस, दाताचं सांगितलंस. जाणार होतीस की नव्हतीस ते मला विचारू नकोस, तुझं तू बघ. पण मला सांगितलं नाहीस. का? आत्याला काय सांगायचं, तिचा कुणावर राग नसतो, ती कुणाला काही म्हणत नाही, म्हणून? मी तुझ्या आईने सांगितल्यावर ऐकायचं? अंडी आणून देणारी आहे का मी फक्त? मला राग आलाय. फार राग आलाय मला!"

ठकीचे डोळे भरले. "तुला सांगितलं असतं तर मला जाववलं नसतं, आत्या."

"ते मला ठरवू द्यायचं होतंस! दे इकडे."

ती जिना चढली. पाचव्या पायरीवरून कारखाना वेगळाच दिसत होता. हौद, थप्प्या, वर तोंड करून बघणारी चार माणसं. तिने खोकं छातीशी धरलं नाही. एकतीस वर्षांत जे कुणाला म्हणायचं राहिलं होतं ते सगळं हातात घेतलं आणि दोन्ही हातांनी खाली भिरकावलं.

आवाज असा झाला की खुराड्यातल्या कोंबड्या ओरडल्या.

ठकीने झाकण उघडलं. पहिलं शाबूत. दुसरं शाबूत. चौथ्या कोपऱ्यापाशी तिचा हात थांबला.

"दोन," ती म्हणाली. "दोन गेली. कोपऱ्यातलं आणि त्याच्या शेजारचं."

एक जरी गेलं तरी, असं ठरलं होतं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं. आत्या जिन्याचा कठडा धरून उभी राहिली. आपल्याच हाताने, तिच्या मनात आलं.

पण ठकी फुटलेल्या अंड्यांकडे बघत नव्हती, त्यांच्या खळग्यात बोट घालून चाचपत होती. "कोपऱ्याला गळा एका बाजूने उघडा राहतो," ती स्वतःशीच म्हणाली. "तिथे भिंत दुमडायला हवी. कागद द्या कुणीतरी. लवकर!" दादाच्या खुर्चीवर एकच कागद होता. ती तो उलटा करून जमिनीवर बसली आणि कोपरा काढायला लागली.

"अगं, ते पत्र आहे," वहिनी म्हणाली. "उद्या उत्तर द्यायचंय त्याला." पण ती ते घ्यायला पुढे झाली नाही.

दादा वाकला. पेन्सिल चालू असतानाच त्याने पत्राची एक कड दोन बोटांत धरली आणि चोळली. "माझी एकोणीस," तो म्हणाला. "हिची दोन. अट मी ताईच्या अंड्यांवर घातली होती, दुकानाच्या नाही." मग पुन्हा एकदा कड चोळून म्हणाला, "काढून झालं की हौदात टाक. कागद चांगला आहे. लांब धाग्याचा."

ठकीने वर पाहिलं. बापाकडे, आईकडे, आणि मग जिन्यावर, जिथे आत्या अजून तशीच उभी होती, धाप लागलेली, केस सुटलेले.

"नवा कोपरा उद्या दुपारपर्यंत वाळेल," ती म्हणाली. "पुन्हा टाकशील, आत्या? तुझ्यासारखं कुणी टाकत नाही."

आत्याने कठडा सोडला. हाताचे तळवे झोंबत होते आणि तिला बरं वाटत होतं, इतकं की त्याची तिला जराशी लाजच वाटली.

"उद्यापर्यंत राग टिकला पाहिजे ना," ती पायऱ्या उतरत म्हणाली. "बघते. मला सवय नाही गं."